यंत्र भंगारात घालण्यापूर्वी

गेल्या हिवाळ्यात हनुक्काच्या सुट्टीत मी दिमोना येथे माझ्या मामांकडे गेले होते. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, कचऱ्याच्या पेट्यांलगत, एक शिलाई मशीन ठेवलेले दिसले. घरगुती नव्हे, कारखान्यातले. पाटाचे लाकूड पाण्याने फुगलेले, खालची मोटार गंजलेली, पट्टा तुटून लोंबत असलेला. पण काळ्या बिडाच्या मानेवरील सोनेरी अक्षरे अजून वाचता येत होती. त्या इमारतीत राहणाऱ्या, आपल्याच समाजातील एक वृद्ध बाई काही आठवड्यांपूर्वी निवर्तल्या होत्या. मुलांनी घर रिकामे केले, कपाटे नेली, भांडी वाटून घेतली, आणि जे कोणालाच नको होते ते रस्त्यावर आणून ठेवले. त्या मुलांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. तो अधिकारही मला नाही. कारण हीच चूक मी स्वतः केली आहे, आणि तिची कबुली दिल्यावाचून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

माझी आई मुंबईत घरी उषा मशीनवर आम्हा भावंडांचे कपडे शिवीत असे. १९९१ साली आम्ही या देशात आलो तेव्हा तिने पन्नाशी गाठली होती. भाषा येत नव्हती, पण टाका येत होता. तेवढ्या भांडवलावर तिला एका मितपारात काम मिळाले. सकाळी सहाला ती निघे. दिवसभर खिशांवर आणि कॉलरींवर शिलाई मारी. संध्याकाळी परतली की तिच्या केसांत पांढरे धागे अडकलेले असत. सात-आठ वर्षांनी तो मितपारा बंद पडला. शेवटच्या काही आठवड्यांच्या पगाराबद्दल मालकाने हात वर केले आणि बायकांना सांगितले, “ज्या मशीनवर बसत होतात ते घेऊन जा.” आईचे मशीन असे घरी आले. तिच्या घामाचा तो शेवटचा मोबदला होता. २००६ साली ती गेली, आणि त्यानंतर महिन्याभराने गल्लीतून “अल्ते-झाखेन” अशी आरोळी देत जाणाऱ्या गाडीवाल्याला मी ते मशीन दीडशे शेकेलांना देऊन टाकले. घरात जागा नाही, असे कारण मी भावाला सांगितले. खरे कारण निराळे होते. शिक्षिकेच्या दिवाणखान्यात कारखान्याचे मशीन मला शोभेसे वाटत नव्हते.

ही केवळ माझ्या घरची गोष्ट नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत आपले लोक येथे आले तेव्हा त्यांतील पुष्कळांना दक्षिणेकडील नव्या वसाहतींत पाठविण्यात आले. दिमोना १९५५ साली वसली. नव्याने आलेल्यांना काम मिळावे म्हणून सरकारने अशा गावांत कापडगिरण्या उभारण्यास उत्तेजन दिले; दिमोन्यात कितान, किर्यात गात येथे पोलगात. त्यांच्या जोडीने लहानमोठे मितपारे गावोगाव निघाले. मुंबईच्या गिरण्यांत फिटर किंवा कारकून म्हणून राबलेली आपली माणसे येथे पुन्हा धाग्यांतच येऊन पडली. पुढे १९९१ पासून परदेशी मालावरील निर्बंध क्रमाने सैल झाले. १९९४ साली जॉर्डनशी शांततेचा करार झाला आणि शिलाईचे काम स्वस्त मजुरीच्या शोधात जॉर्डन व इजिप्तकडे वळले. करार इष्टच होता, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्या काळात दारे बंद झालेल्या मितपारांची मशीने कोठे गेली? पुष्कळशी भंगारात गेली. काही मात्र, माझ्या आईप्रमाणेच, कामगारांच्या घरी आली आणि आजही कोठीघरांत, गच्चीवर, जिन्याखालच्या अंधारात उभी आहेत. ज्या पिढीने ती चालविली ती आता एकेक करून आपला निरोप घेत आहे. पुढील दहा वर्षांत या यंत्रांचा आणि ती दुरुस्त करण्याच्या विद्येचा निकाल लागेल. तो कसा लागावा, याविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

मामांचे वय आज सत्त्याऐंशी आहे. मुंबईत ते गिरणीत फिटर होते. १९६५ साली येथे आल्यावर त्यांनी तीस वर्षे शिलाई यंत्रांचे मेकॅनिक म्हणून काम केले. रस्त्यावरच्या मशीनविषयी मी सांगितले तेव्हा ते काठी घेऊन उठलेच. त्यांनी हातचाक फिरवून पाहिले. ते तसूभरही हलेना. खाली वाकून त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, “अगं, हे मेलेलं नाही. आवळलंय नुसतं. आत तेल सुकलंय.” शेजारच्या दोन तरुणांनी ते मशीन मामांच्या अंगणात आणून ठेवले. पुढचे चार शुक्रवार मी सकाळी बेरशेव्याहून बसने दिमोन्याला जात राहिले, आणि दुपारी शब्बाथच्या तयारीची वेळ होईपर्यंत आम्ही काम करीत राहिलो. आमच्याबरोबर तिसरा एक गडी होता. त्याच्याविषयी पुढे सांगेन.

ते मशीन सिंगर कंपनीच्या ३१ या वर्गातले होते. शिंप्यांचे मशीन म्हणून हा वर्ग जगभर प्रसिद्ध आहे. अंकाला जोडलेले ‘के’ हे अक्षर म्हणजे स्कॉटलंडमधील क्लाइडबँक गावच्या किलबोवी कारखान्याची खूण. तो प्रचंड कारखाना १९८० साली बंद पडला. त्याने घडविलेली यंत्रे मात्र अजून चालत आहेत. यंत्रांविषयी ज्यांच्या मनात एवढी अढी होती त्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या शिलाई यंत्राला आपल्या विरोधातून वगळले होते, हे मला डी.एड.च्या वर्गात प्रथम समजले. तेव्हा त्याचे नवल वाटले होते. आता ते यंत्र उघडून पाहिल्यावर वाटत नाही. त्यात लपविलेले काही नसते. जे हलते ते डोळ्यांना दिसते. जे बिघडते ते हाताला लागते.

पहिल्या शुक्रवारी मामांनी डोके पाटावरून मागे कलते केले आणि सुई, पाऊल व सुईखालची पट्टी काढून ठेवली. कापड पुढे सरकविणाऱ्या दात्यांखाली कापसाचा भुगा इतका घट्ट बसला होता, की चिमट्याने तो नमद्याच्या तुकड्यासारखा सबंध निघाला. मग प्रत्येक तेलाच्या भोकात त्यांनी केरोसीनचे थेंब सोडले आणि सांगितले, “आता आठ दिवस हात लावायचा नाही. जोर करशील तर काहीतरी मोडशील.” दुसऱ्या शुक्रवारी केस वाळविण्याच्या यंत्राने सांधे ऊन केले, पुन्हा केरोसीन दिले आणि हातचाक हलके पुढेमागे केले. आरंभी ते एका बोटाएवढे हलले, मग चार बोटे, आणि तासाभराने पुरा फेरा झाला. आतून तांबूस, मधासारखा चिकट राप बाहेर येऊ लागला. कोणीतरी त्या मशीनला कधीकाळी खाण्याचे तेल पाजले होते. मामा हसून म्हणाले, “आपले पूर्वज शनवार तेली. तिळाचं, खोबऱ्याचं तेल गाळण्यात हयात गेली त्यांची. दिव्याचं तेल मशीनला घालू नये, एवढं तरी आपल्याला कळायला नको का?” विनोदातला मुद्दा खरा आहे. वनस्पतींपासून काढलेले तेल हवा लागून कालांतराने चिकट होते आणि सांधे धरून ठेवते. शिलाई यंत्राला पातळ, पांढरे खनिज तेलच द्यावे. अंगावरची सोनेरी नक्षी पुसायलाही तेच तेल मऊ फडक्यावर घेऊन वापरावे. स्पिरिटने पुसली तर वरचे लाखेचे अस्तर विरघळून नक्षी फडक्यावर उतरते.

तिसऱ्या शुक्रवारी मोटारीचा विचार झाला. जुनी मोटार क्लचची होती. ती चालू केली की अखंड फिरत राहते. पायाने क्लच दाबला म्हणजे तिची गती यंत्राला मिळते. मितपारात दिवसभर कानांत घुमणारा आवाज तो हाच. तिच्या तारांवरील वेष्टन कडक होऊन तडकले होते. मामांनी तिला हात लावण्याचे साफ नाकारले आणि तिच्या जागी बाजारातून नवी सर्व्हो मोटार आणविली. ही मोटार पाय दाबल्यावरच फिरते, आवाज करीत नाही, आणि हवी तेवढी सावकाश चालते. नवशिक्याचे बोट त्यामुळे वाचते. जुन्या यंत्राला नवी मोटार लावली तर त्याचे जुनेपण भ्रष्ट होते, असे मानणारे काही शौकीन आहेत. मला त्यांचे म्हणणे पटत नाही. आपल्याला संग्रहालय मांडावयाचे नाही. मशीन चालवावयाचे आहे.

आता त्या तिसऱ्या गड्याविषयी. तो मामांचा पणतू, वय वर्षे चौदा. शाळेत गणितात कच्चा म्हणून त्याची नोंद झालेली आहे, आणि घरात ती सर्वांना पाठ आहे. चौथ्या शुक्रवारी सुई बसविण्याचे काम मामांनी त्याला दिले. घरगुती यंत्राच्या सुईचा दांडा एका बाजूने सपाट असतो, त्यामुळे ती उलटी बसतच नाही. कारखान्याच्या सुईचा दांडा गोल असतो आणि ती कशीही बसते. सुईच्या अंगावर एक लांब खोबण असते. ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला ती आली पाहिजे. मुलाने सुई उलटी बसविली. चार टाके पडले आणि दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. मी शिक्षिका; चूक दिसली की माझी जीभ वळवळते. मामांनी मला डोळ्यांनीच दटावले आणि स्वस्थपणे चहा पीत बसले. चौथ्यांदा दोरा तुटल्यावर मुलाने सुई काढली, प्रकाशात धरली आणि तिच्यावरून नख फिरविले. खोबण नखाला लागली. त्याने वर पाहिले. मामांनी नुसती मान हलविली. शिकणाऱ्याला त्याची चूक त्याची त्याला सापडू द्यावी, हे मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत सुवाच्य अक्षरात लिहून चांगले गुण मिळविले होते. ते प्रत्यक्षात कसे करावयाचे हे मात्र पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर, ज्यांनी अध्यापनाचा एकही वर्ग पाहिलेला नाही अशा माणसाकडून मी शिकले.

मग मामांनी त्याला टाका कसा पडतो ते दाखविले. सुई तळाला जाऊन वर परतू लागते, तेव्हा दोरा तिच्याबरोबर लगेच वर येत नाही. कापडाशी घासून किंचित मागे राहतो आणि सुईच्या पाठीशी त्याचा एक लहानसा फासा फुगतो. सुई तळापासून जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर वर आली, की त्याच क्षणी शटलचे टोक नेढ्याच्या जरा वर येऊन तो फासा पकडते आणि बॉबिनभोवती फिरवून आणते. वरचा दोरा खालच्या दोऱ्याला मिठी घालतो तो असा. शटल क्षणभर आधी आले तर फासा अजून झालेलाच नसतो. क्षणभर उशिरा आले तर तो निसटून जातो आणि टाका सुटतो. मुलाने फूटपट्टी घेऊन ते अंतर तीन वेळा मोजले, कागदावर वर्तुळ काढले, आणि हातचाकाचा फेरा व सुईची चाल यांचा मेळ घालीत अर्धा तास बसला. ज्याला गणित येत नाही असे आपण म्हणतो त्या मुलाचे हे चित्र मी विसरू शकत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, बाई जुन्या आठवणींत रमल्या आहेत. तसे म्हणणारे एक माणूस माझ्या घरातच आहे, आणि तिचा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. मामांची मुलगी, म्हणजे त्या मुलाची आजी, मला थोरल्या बहिणीसारखी आहे. ती अंगणात आली, दुरुस्त झालेले मशीन तिने दुरूनच पाहिले आणि म्हणाली, “तुला हे देखणं वाटतं. मला हे दिसलं की चौदाव्या वर्षीचा तो वर्ग आठवतो.” १९७५ साली ती शाळेत होती. तिचे गणित चांगले होते. पण आपल्यासारख्या घरांतल्या मुलींना काय झेपेल हे शाळेने आधीच ठरविले होते, आणि विचारल्यावाचून तिला शिलाईच्या शाखेत घातले. मामांना भाषा पुरती येत नव्हती. कोणत्या कागदावर सही केली ते त्यांना समजले नाही. पुढची वीस वर्षे तिने मितपारात काढली. “आता माझ्या नातवाच्या हातात तुम्ही पुन्हा तीच सुई देता?” असे तिने विचारले, तेव्हा मला तत्काळ उत्तर सुचले नाही.

तिचे दुःख खरे आहे आणि ते एकटीचे नाही. त्या काळात आशिया-आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने धंदेशिक्षणाकडे वळविली गेली, हे आता या देशात सर्वमान्य आहे. परंतु पुष्कळ विचारान्ती मी या मतास आले आहे, की अन्याय सुईने केला नाही. निवडीचा हक्क काढून घेणाऱ्यांनी केला. त्या अन्यायाला आपण दिलेले उत्तर अर्धेच बरोबर होते. मुलांना शिकवायचे, मोठ्या परीक्षांना बसवायचे, हे आपण ठरविले. ते योग्यच झाले. पण त्याबरोबर हाताने केलेले काम कमी प्रतीचे, ही ज्यांनी आपल्याला कमी लेखले त्यांचीच समजूत आपण नकळत उचलली आणि आपल्या आईबापांना लावली. आईचे मशीन मी गाडीवाल्याला दिले तेव्हा माझ्या मनात हीच समजूत होती. आपल्या ज्ञानी पूर्वजांनी तर मुलाला कसब शिकविणे हे बापाच्या कर्तव्यांत गणले आहे, आणि कामाची वस्तू वाया घालविणे निषिद्ध ठरविले आहे. ताईला मी एवढेच म्हणाले, की मुलाला गणिताऐवजी मशीन द्यावे असे मी म्हणत नाही. गणिताबरोबर द्यावे असे म्हणते. ती काही बोलली नाही. मशीनला तिने अजून हात लावलेला नाही. तो तिचा अधिकार आहे.

आणखी एक आक्षेप पैशाचा. घरगुती नवे मशीन आज स्वस्तात मिळते. मग हा खटाटोप कशाला? हिशेब सरळ आहे. स्वस्त नव्या यंत्रातील काही चक्रे प्लॅस्टिकची असतात. पडदे, तंबूचे कापड, जीन्सची चौपदरी घडी, पट्ट्याचे चामडे यांपुढे ती टिकत नाहीत, आणि एकदा दात तुटले की दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राएवढा होतो. जुने कारखानी यंत्र हे सारे सहज शिवते. वीजदेखील अडचण करीत नाही, कारण येथील विजेचा दाब आणि भारतातील दाब एकच, २३० व्होल्ट. कोणी मुंबईहून मशीन आणले असेल तर केवळ प्लग बदलला की काम भागते. मात्र सरसकट सर्व यंत्रे वाचवावीत असेही मी म्हणणार नाही. बिडाच्या अंगाला तडा गेला असेल, सुईचा दांडा आपल्या घरात खुळखुळत असेल, किंवा शटल हरवले असून तो भाग कोठे मिळत नसेल, तर त्या यंत्राचे सुटे भाग काढून ठेवावेत आणि उरलेल्याला खुशाल निरोप द्यावा. मामाही तेच करीत. भावना आणि भंगार यांतला फरक मेकॅनिकला कळावा लागतो.

तेव्हा समाजबांधवांपुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली अशी, की वडीलधाऱ्यांचे घर रिकामे करताना मशीन रस्त्यावर ठेवण्यापूर्वी आपल्या गावच्या मंडळाला एक निरोप द्यावा. दुसरी, ज्या गावी आपले सभागृह आहे तेथे आठवड्यातून एक संध्याकाळ दोन-तीन मशीने, एक कपाट आणि एक जाणता मनुष्य यांची सोय व्हावी. दिमोना, बेरशेवा, अश्दोद, लोद, रामला येथे मितपारांत मेकॅनिक म्हणून राबलेले आपले वृद्ध अजून आहेत. त्यांना सत्कार समारंभात शाल पुष्कळदा मिळते. शिष्य मिळत नाही. तेथे मुलगे आणि मुली, हुशार आणि कच्चे म्हणवले जाणारे, सर्वांना बसवावे. कोणा एकासाठी ती जागा राखून ठेवू नये. तिसरी सूचना शिक्षकांना आहे. या माणसांच्या तोंडी टाका, दाते, खोबण, राप असे शब्द आहेत, आणि त्यांत येथील भाषेतले शब्द असे मिसळले आहेत की ती बोली दुसरीकडे कोठे ऐकू येणार नाही. एका वहीत ती उतरवून घ्यावी. वही मी सुरू केली आहे; पहिली चार पाने भरली.

मामांच्या अंगणातले मशीन आता ओसरीवर आहे. दर शुक्रवारी सकाळी तो मुलगा त्याला तेल देतो, जुन्या फडक्यावर दोन ओळी शिवून टाका पाहतो आणि झाकण घालतो. माझ्या आईचे मशीन कोणत्या भट्टीत वितळले ते मला कधीच कळणार नाही. आपल्या घरी जे उभे आहे त्याविषयी आपण अजून काही करू शकता.